म्हाताऱ्या मोटारीबरोबर भंडारा जिल्ह्यांत

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काश्मीर, रामेश्वर किंवा निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत येथें सांगणार आहों तो मात्र आमच्या स्वतःच्याच जिल्ह्यांत, ताशीं 40 किलोमीटरांच्या वेगानें, आणि तोहि एका मिस्त्र्याच्या हुकमावरून केलेला आहे. भंडारा जिल्ह्यांत आमचा जन्म गेला. पण ज्या रस्त्यांवरून आम्ही शेंकडों वेळां धुरळा उडवीत गेलों, त्यांच्या दोन्ही बाजूंस काय आहे हें आम्हांस गेल्या कार्तिकांतच नीट दिसलें. त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. घरच्या मोटारीचें एंजिन थोड्या पैशांत मोठें करून घ्यावें असा बेत आम्हीं केला, आणि त्या बेतापायींच आम्हांस सावकाश चालणें भाग पडलें.

ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वडिलांनीं ती 1984 सालीं घेतली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट 1100 या गाडीच्या धर्तीवर, ती तयार होत असे. मुंबईकर तिला काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ओळखतात. त्या टॅक्सींपैकीं शेवटची 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. आमच्या घरीं मात्र तिची चाकरी अद्याप चालू आहे. तीन वराती तिनें वाहिल्या; एका पुतण्याचा जन्म तर तिच्यांतच व्हावयाचा, तो दवाखान्याच्या दारापर्यंत कसाबसा लांबला. आम्ही तीन भाऊ, तिघांचीं कुटुंबें व आई मिळून घरांत तेरा माणसें. इतरांस दुचाकी आहे, एस. टी. आहे, परंतु आईचें वय 88. तिला पवनीच्या बाजूस असलेल्या आमच्या मूळ गांवीं न्यावयाचें तर हीच गाडी. पुढच्या आसनावर उशी ठेवून ती बसते, आणि काचेंतून दिसणाऱ्या प्रत्येक बांधीचा पूर्वीचा मालक कोण होता हें सांगत जाते.

गेल्या श्रावणांत असेंच तिला घेऊन आम्ही गांवीं निघालों होतों. गांवाच्या तोंडाशीं जुना तलाव आहे आणि रस्ता त्याच्या पाळीवरून जातो. पाळीचा चढ तो काय! परंतु गाडींत सात माणसें, तांदळाचें एक पोतें व देवाचें सामान. अर्ध्या चढावर एंजिन धापा टाकूं लागलें, मागून निळा धूर निघाला, आणि गाडी उभी राहिली. आम्ही सारे पुरुष उतरलों व ढकलूं लागलों. शाळेंतून घरीं जाणारीं पोरेंहि हातभार लावावयास आलीं. वर पोंचल्यावर आई एवढेंच म्हणाली, “पुढच्या खेपेस मला आणूं नका रे. माझ्या एकटीपायीं तुम्हां सगळ्यांना त्रास.” ती रागानें बोलली असती तर आम्हांस कांहीं वाटलें नसतें. ती अगदीं शांतपणें बोलली, आणि त्यामुळेंच तें वाक्य घरांत कोणाच्याहि मनांतून जाईना.

त्या आठवड्यांत जेवणें झाल्यावर ओसरीवर घरची सभा भरली. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत आम्ही दादा व गांवांत सर्व लोक गुरुजी म्हणतात, ते गणित शिकवून निवृत्त झालेले. धाकट्या बंधूंचा मुलगा नागपुरास यंत्रविद्या शिकतो. गाडी विकावी, ही सूचना कोणीं तरी केली व ती कोणासच आवडली नाहीं. नवी घेण्याची ऐपत नाहीं. तेव्हां पुतण्या म्हणाला, “मोठे बाबा, एंजिनची सी. सी. वाढवूं या. ताकद आपोआप येईल.” दादांनीं भुंवया वर केल्या, पण नाहीं म्हटलें नाहीं. घरचा हिशेब मोठ्या वहिनींच्या हातीं. त्या म्हणाल्या, “धानाच्या पैशांतून 40,000 रुपये देईन. विहिरीवरचा पंप आहे, धाकटीची फी आहे. एकेचाळीस हजार झाले तर गाडी आहे तशी परत आणा.” अशी अट ठरून सभा उठली.

सी. सी. हा शब्द आपण सर्वच वापरतों. त्याचा अर्थ त्या रात्रीं दादांनीं आम्हांस पंचांगाच्या कोऱ्या पानावर मांडून दाखविला, तो वाचकांसहि उपयोगीं पडेल. एंजिनांत नळकांडीं असतात, त्यांस सिलिंडर म्हणतात. आमच्या गाडींत तीं चार आहेत. प्रत्येकांत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीं-वर होतो. खालीं येतांना तो पेट्रोलमिश्रित हवा आंत ओढतो. ती जितकी अधिक तितका स्फोटाचा जोर अधिक. पिस्टन जेवढी जागा झाडून काढतो ती घनसेंटिमीटरांत मोजतात, आणि तीच सी. सी. सिलिंडरच्या व्यासास बोअर व पिस्टनच्या चालीस स्ट्रोक अशीं नांवें आहेत. व्यासाचा वर्ग करावा, त्यास 0.7854 नें गुणावें, मग चालीनें व शेवटीं सिलिंडरांच्या संख्येनें गुणावें. पद्मिनीचा बोअर 68 मिलिमीटर व स्ट्रोक 75 मिलिमीटर, म्हणजे 6.8 चा वर्ग 46.24, आणि अखेरचें उत्तर 1,089 सी. सी. गाडीच्या कागदावरहि नेमका तोच आंकडा. आंकडा जुळलेला पाहून घरांतल्या मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

आतां ही जागा वाढवावी कशी? मार्ग तीन. पहिला, सिलिंडर आंतून कोरून रुंद करावे व त्यांत मोठे पिस्टन बसवावे. यास आपल्याकडे बोरिंग किंवा नुसतें ‘बोर करणें’ म्हणतात. दुसरा, पिस्टनची चाल लांबवावी. पण चाल ठरते क्रँकशाफ्टवर. तो बदलला कीं पिस्टन पूर्वीपेक्षां वर चढतो, हेडला टेंकूं पाहतो, म्हणून पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडहि बदलावे लागतात. दुसऱ्या मोठ्या एंजिनाचा जुळता शाफ्ट मिळाला तरच तें जमतें, आणि पद्मिनीची पैदास बंद होऊन पाव शतक लोटलें. तिसरा मार्ग, सबंध एंजिनच दुसरें बसविणें. त्याच्या आड खर्च येतो आणि कायदाहि येतो: 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फरक मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं, व एंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. आमच्यासारख्या जुन्या गाडीस तर दर पांच वर्षांनीं त्या कचेरींत हजेरी द्यावी लागते. तेव्हां दुसरा व तिसरा मार्ग त्याच रात्रीं बंद झाले.

उरला बोअर. पुतण्यानें उत्साहानें सांगितलें कीं खुद्द फियाट कंपनीनें 1957 सालीं हाच 75 मिलिमीटरांचा स्ट्रोक ठेवून बोअर 72 केला व 1,221 सी. सी.ची गाडी काढली. हें खरें आहे. आपल्या परिचयाच्या अँबॅसडरचें उदाहरणहि त्यानें दिलें. तिचें 1,489 सी. सी.चें एंजिन मूळ इंग्लंडमधलें. त्याच कुळांतील एंजिनें इंग्रजांनीं आपल्या खेळकर गाड्यांसाठीं 1,588, 1,622 व शेवटीं 1,798 सी. सी.पर्यंत नेलीं, आणि चाल सर्वांची एकच, 88.9 मिलिमीटर. दादांनीं हें सर्व ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला, “त्यांनीं जुनेंच एंजिन कोरलें, कीं नवें ओतलें?” पुतण्या गप्प झाला. कारखाना बोअर वाढवितो तेव्हां साचा बदलून नवा ब्लॉक ओततो. आपल्याजवळ एकदां ओतलेलें लोखंड, तेवढेंच.

ओतकाम म्हणजे काय तें पाहण्यास भंडारेकरांस दूर जावें लागत नाहीं. आमचें गांव पितळी भांड्यांचें. भांड्यांवरूनच गांवास नांव पडलें असें लोक मानतात. रतनपूरच्या जुन्या शिलालेखांत येणाऱ्या ‘भानारा’ या नांवावरून तें आलें, असें विद्वानांचें मत. पूर्वीं पहाटेपासून ठोक्यांचा आवाज चाले. स्टेनलेस स्टील आलें आणि तो आवाज विरळ झाला. तरी एका ओळखीच्या कारखान्यांत अजून भट्टी पेटते. मिस्त्र्याकडे जातां जातां दादांनीं पुतण्यास मुद्दाम तेथें नेलें. तेथील वृद्ध कारागिरानें टाकून दिलेली एक ओतीव वस्तु पुढें केली. साच्यांतील गाभा किंचित् सरकला होता; त्यामुळें एक बाजू जाड, तर दुसरी पापुद्र्यासारखी. बाहेरून दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. चरकावर धरतांच पातळ बाजूस भोंक पडलें, म्हणून ती पुन्हां मुशींत जावयाची होती.

मिस्त्र्याचें दुकान मोठ्या रस्त्यापासून आंत, एका कडुलिंबाखालीं. ट्रॅक्टर, धानगिरण्यांचीं डिझेल एंजिनें, जीपगाड्या, यांचीं पोटें तेथें रोज उघडतात. मिस्त्री दादांचा जुना विद्यार्थी. एंजिन उतरवून त्यानें मायक्रोमीटर लावला. सिलिंडरचें तोंड वरच्या बाजूस सुमारें 0.2 मिलिमीटर झिजलें होतें, आणि तेंहि वाटोळें न राहतां लंबगोल झालें होतें. पिस्टन नुसता खालीं-वर होत नाहीं, तो एका बाजूस रेटतो. म्हणून झीज सारखी होत नाहीं. या फटींतून स्फोटाचा दाब खालीं निसटत होता व खालचें तेल वर चढून जळत होतें. निळा धूर तो हाच. गाडी लहान पडली नव्हती, ती गळकी झाली होती.

पुतण्यानें 70 मिलिमीटरांची गोष्ट काढली. मिस्त्री हंसला. “गुरुजी, भोक मोठं कराले काय लागते? पण भिंत मांगं सरकत नाई ना जी. पयले भिंत पाहा लागते, मंग बोर.” सिलिंडरच्या भिंतीमागें एंजिन थंड ठेवणारें पाणी खेळतें. व्यास दोन मिलिमीटरांनीं वाढविला कीं प्रत्येक भिंत एका मिलिमीटरानें पातळ होते, आणि गाभा सरकलेला असेल तर कोठें किती उरली हें वरून समजत नाहीं. यावर आम्हांस आमच्या एका नातलगाची गाडी आठवली. परगांवच्या एका कारागिरानें तिचा बोअर सरसकट 70 करून दिला होता. हिशेबानें ती 1,154 सी. सी.ची झाली आणि पहिला महिनाभर त्यांनीं ती सर्वांस फिरवून दाखविली. दुसऱ्या महिन्यांत भिंत तडकली, पाणी सिलिंडरमध्यें उतरलें, आणि ब्लॉक भंगाराच्या भावानें गेला. दूर गेलेल्या ओळखीच्या माणसाविषयीं बोलावें तसे ते अजून त्या गाडीविषयीं बोलतात.

बाजारांत आमच्या गाडीसाठीं पिस्टनांचे दोन संच मिळत होते. एक अर्ध्या मिलिमीटरानें मोठा, दुसरा एका मिलिमीटरानें. दादांनीं खिशांतून पंचांगाचें पान काढलें. 69 चा बोअर केला तर 1,122 सी. सी.; म्हणजे लाभ बत्तीस-तेहतीस सी. सी., शेंकडा तीन. 68.5 केला तर 1,106 च्या आंत. लाभ सोळा, शेंकडा दीड. “शेंकडा तीन कोठें आणि दीड कोठें!” पुतण्या म्हणाला. “खर्च दोहोंस सारखाच. मग दुप्पट लाभ कां सोडावा, मोठे बाबा?”

दादांनीं मिस्त्र्यास विचारलें, “झीज निघून भिंत स्वच्छ होण्यास अर्धा मिलिमीटर पुरतो काय?” मिस्त्री म्हणाला, पुरतो. “आणि आज एक घेतला तर पुढच्या खेपेस?” पुढच्या खेपेस या मापाचें कांहीं उरत नाहीं, मग लायनर ठोकावें लागतें, त्यासाठीं भिंत आणखी कोरावी लागते, व खर्चहि निराळा. दादा पुतण्याकडे वळले. “गाडी माझ्या वडिलांनीं घेतली. अर्धा मिलिमीटर मी वापरतों. उरलेला अर्धा तुझ्या वांट्याचा. तो मी आज शेंकडा दीडसाठीं खर्च करणार नाहीं.” पुतण्या कांहीं बोलला नाहीं, परंतु नंतर त्यानें कोणास न विचारतां स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून एक मायक्रोमीटर विकत घेतला, हें आम्हांस ठाऊक आहे.

काम आठ दिवस चाललें. कोरणीच्या यंत्रानें एकेक सिलिंडर धिमेपणानें उतरला. नंतर घासणीच्या दगडांनीं भिंतींवर बारीक तिरप्या रेघा उमटविल्या. या रेघांत तेल धरून राहतें, म्हणून भिंत आरशासारखी गुळगुळीत करावयाची नसते. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवीं बेअरिंगें. व्हॉल्व्ह घासून बसविले. हेडखालचें गॅस्केट नव्या बोअरच्या आंत डोकावणार नाहीं हें पाहून घेतलें. कार्ब्युरेटर धुऊन त्याची मात्रा जमविली. पुढचें एक चाक ब्रेकमुळें अडखळत होतें तेंहि सुटें केलें. एकूण बिल 37,600 रुपये. उरलेले 2,400 वहिनींच्या हातीं देतांना दादांस जो आनंद झाला तो निवृत्तीच्या सत्कारांतहि आम्हांस दिसला नव्हता.

गाडी सुरू झाली. परंतु मिस्त्र्यानें किल्ली देतांना बजावलें कीं पहिले 500 किलोमीटर तिला धांवडवूं नये. ताशीं 40, फार तर 50. चार माणसांहून अधिक नकोत. एकाच वेगानें मैलोगणती नेऊं नये, आणि उभी ठेवून एंजिन घुरघुरत ठेवूं नये. नव्या रिंगा व नवी भिंत यांनीं एकमेकांस ओळखून घ्यावयाचें असतें. त्यानंतर तेल बदलून, हेडचे नट पुन्हां आंवळून मग ओझें घालावें. 500 किलोमीटर घराभोंवतीं घालवावयाचे कसे? तेव्हां दादा म्हणाले, “जिल्हा पाहूं या.”

पहिले दोन दिवस आम्ही उत्तरेस गेलों. भंडाऱ्याहून निघतांच वरठी लागतें. ‘भंडारा रोड’ नांवाचें आमचें रेल्वेस्टेशन तेंच. येथें सनफ्लॅगचा पोलादाचा मोठा कारखाना आहे, व मोटारींच्या भागांस लागणारें मिश्रधातूंचें पोलाद त्यांत तयार होतें. नेहमीं आम्ही येथून नाक दाबून वेगानें जात असूं. यावेळीं भट्ट्यांकडे पाहत गेलों. पुढें मोहाडी. चौंडेश्वरी देवीचें दर्शन घेतलें. जवळच आंधळगांव, कोशाच्या रेशमाच्या विणकरांचें. मोठ्या वहिनी बरोबर होत्या. एका घरांत मागावर चढलेलें मधाच्या रंगाचें कापड त्यांनीं बोटांनीं चाचपून पाहिलें, किंमत विचारली, आणि “पुढच्या धानावर पाहूं” असें म्हणून त्या गाडींत येऊन बसल्या. ते 2,400 रुपये तेल बदलण्यासाठीं त्यांनीं बाजूस ठेवले होते.

तुमसर ही तांदळाची मोठी पेठ. कार्तिक असल्यामुळें कापणी झालेली, बांध्यांतून धानाचे पुंजणे उभे, आणि गिरण्यांपुढें गाड्यांच्या रांगा. तेथून सातपुड्याच्या पायथ्याकडे वळलें कीं जमिनीचा रंगच बदलतो. चिखला व डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी याच तालुक्यांत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. पायऱ्यापायऱ्यांनीं ती खोल उतरत जाते, आणि काळ्या दगडाचे ढीग दुरून कोळशासारखे दिसतात. मँगनीजवांचून चांगलें पोलाद होत नाहीं. तें लोखंडांतील गंधकाचा ठिसूळपणा मारतें व पोलादास चिवटपणा आणतें. येथील एका जातीचें मँगनीज कोरड्या बॅटरींतहि जातें. पुतण्या कांठावर बराच वेळ उभा होता. नागपुरांत पुस्तकांत वाचलेलें मँगनीज आपल्याच जिल्ह्यांत निघतें हें त्यास ठाऊक होतें, पण तो येथें कधीं आला नव्हता. आम्ही तरी कोठें आलों होतों? परततांना आंबागडचा किल्ला संध्याकाळच्या उन्हांत पाहिला. बख्त बुलंद शहाच्या अमदानींत राजा खान पठाणानें तो बांधला. चढ अवघड असल्यामुळें गाडी खालींच ठेवली. मिस्त्र्याची आज्ञा मोडण्याचें धैर्य कोणास नव्हतें.

पुढचे दोन दिवस पूर्वेस. कारध्यास वैनगंगा ओलांडली कीं रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. ज्याला आपण इतकीं वर्षें सहा क्रमांकाचा म्हणत होतों त्याचा आतां 53 वा क्रमांक आहे. लाखनी तालुक्यांतील गडेगांवास अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे. मोठ्या मोटारींचे गिअरबॉक्स तेथें होतात. महामार्गावर ताशीं 40 नें जाणाऱ्या गाडीस इतर गाड्या जी वागणूक देतात ती सांगण्यासारखी नाहीं. मागून भोंगे वाजत, ट्रकवाले मान बाहेर काढून पाहत. म्हणून आम्ही साकोलीच्या अलीकडे गांवरस्ते धरले.

तेथें आम्हांस खरा भंडारा जिल्हा भेटला. दर दोन-तीन मैलांवर एक तलाव. आमच्या या मुलुखास तलावांचा जिल्हा म्हणतात तें उगीच नव्हे. त्यांतील पुष्कळ तलाव कोहळी समाजाच्या लोकांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं बांधले. जमिनीचा उतार नेमका हेरावा, योग्य जागीं मातीची पाळ घालावी, आणि पावसाचें पाणी धानासाठीं अडवावें, ही त्यांची विद्या. पुढें ते मालगुजारांकडे राहिले. 1950 च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तरी ‘माजी मालगुजारी तलाव’ हेंच नांव सरकारी कागदांतहि टिकलें. एका तलावावर गाळ काढण्याचें काम चाललें होतें. तेथील एक वृद्ध शेतकरी म्हणाला कीं तलाव मोठा करा असें जो तो म्हणतो. पण गाळ काढला तर आहे तोच पुरतो. दादा आमच्याकडे पाहून हंसले. आमच्या एंजिनाची हकीकत त्या गृहस्थास सांगण्याचा मोह आम्हीं आंवरला.

सहाव्या दिवशीं 500 किलोमीटर पुरे झाले. मिस्त्र्यानें तेल काढलें. त्यांत धातूची बारीक चमक होती, ती पाहून तो म्हणाला कीं ठीक आहे, पहिल्या तेलांत तेवढी असतेच. नट आंवळले. धूर नाहीं. मग दादांनीं घरीं येऊन आईस सांगितलें कीं उद्यां गांवीं जावयाचें.

आई नको म्हणाली. दोनदां म्हणाली. शेवटीं नातवानें तिची उशी पुढच्या आसनावर नेऊन ठेवली, तेव्हां ती उठली. मुद्दाम आम्ही श्रावणांतलींच सात माणसें व तांदळाचें तसेंच पोतें घेतलें. अड्याळवरून पवनीस आलों. पवनी हें फार प्राचीन नगर. 1969-70 च्या उत्खननांत येथील जगन्नाथ टेकडीखालीं बौद्ध स्तूप सांपडला, त्यामुळें दोन हजार वर्षांमागचा इतिहास उजेडांत आला. नदीकडे पाहिलें कीं मात्र आजचा काळ आठवतो. जवळच गोसीखुर्दचें धरण. त्याची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांनीं बसविली. त्याच्या पाण्याखालीं कित्येक गांवें गेलीं. आईच्या माहेरच्या नात्यांतलीं दोन घरें त्यांत होतीं. तीं कोठें होतीं तें ती पाण्याकडे बोट करून सांगत होती, आणि आम्हीं पूर्वीं कधीं न ऐकलेलीं नांवें तिच्या तोंडून ऐकलीं. कारण पूर्वीं या रस्त्यानें आम्ही इतक्या सावकाश कधीं आलोंच नव्हतों.

तलावाची पाळ दिसूं लागली तशी गाडींत कोणी बोलेना. पुतण्या सुकाणूवर होता. पद्मिनीचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर असतो. त्यानें तो वेळींच दुसऱ्यांत टाकला. एंजिनाचा सूर किंचित् खोल झाला, पण अडखळला नाहीं. श्रावणांत जेथें गाडी थांबली होती तो बाभळीचा बुंधा डाव्या हातास आला व मागें गेला. वर पोंचल्यावर पुतण्यानें गाडी आपण होऊन उभी केली. खालीं तलावांत पाणी भरलेलें, कांठावर बगळे, पलीकडे आमचें घर.

आई म्हणाली, “उतरूं नका कोणी. आज मला देवळापर्यंत गाडींतच न्या.”

सोळा सी. सी. नें हें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. दादांनीं परततांना पुन्हां सांगितलें, कीं वाढलेलें सोळा हें निमित्त. खरें काम केलें तें गळती थांबल्यानें. मोटारीची शक्ति वाढवावी असें ज्यांस वाटतें व ज्यांची थैली आमच्यासारखी लहान आहे, त्यांनीं प्रथम आपल्या एंजिनाचें किती बळ आंतल्या आंत वाया जातें तें मोजून घ्यावें. मग भिंत पाहावी. मग किती कोरावयाचें तें ठरवावें. बहुतेकांस आहे तेंच पुरेल.

त्या रात्रीं दादांनीं पंचांगाचें तें पान गाडीच्या कागदांत घातलें. त्यावर खालच्या बाजूस त्यांच्या सुरेख अक्षरांत एक ओळ नवी होती: बोअर 68.5, शिल्लक अर्धा. त्याखालीं त्यांनीं पुतण्याचें नांव लिहिलें होतें.